धर्मादाय खाते आणि तीन वर्षांचे अनुदान

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गाने कोल्हापूर जवळ येऊ लागले, की पंचगंगेचा पूल लागण्यापूर्वीच रस्त्याच्या अंगाला कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांची जी दाट वस्ती दिसू लागते, ती शिरोलीची औद्योगिक वसाहत होय. हातकणंगले तालुक्यातील या भूमीवर, जेथे पूर्वी ऊस व ज्वारी यांवाचून दुसरे काही उगवत नसे, तेथे आता रात्रंदिवस लोखंड वितळते आणि मोटारींचे, ट्रॅक्टरांचे व पंपांचे ओतीव भाग साच्यांतून बाहेर पडून पुण्याकडे, चेन्नईकडे आणि परदेशीही रवाना होतात. अशा वसाहतीतील बऱ्या चाललेल्या कोणत्याही फौंड्रीच्या कचेरीत मालकांना भेटावयास जी मंडळी येतात, त्यांत माल घेणारे, माल देणारे व सरकारी अंमलदार यांच्या जोडीला आणखी एक वर्ग असतो. कोणी निराधार मुलांचे वसतिगृह चालवितो, कोणी वीटभट्ट्यांवरच्या मुलांना अक्षरओळख करून देतो, कोणी रस्त्यात गाडीखाली सापडलेली जनावरे उचलून नेतो. प्रत्येकाच्या काखोटीस एक जाड फाईल असते आणि तीत नोंदणीचे प्रमाणपत्र, तीन वर्षांची लेखापरीक्षित हिशेबपत्रके, आयकर सवलतीचा दाखला आणि मुलांची अथवा जनावरांची काही छायाचित्रे एवढा ऐवज नेमाने सापडतो.

या फाईलला मिळणारा पैसा कोणत्या वाटेने येतो आणि ती वाट किती लांब जाते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. दानाची चर्चा करताना आपण दात्याच्या अंतःकरणाविषयी बोलतो. परंतु वसतिगृहातील साठ मुलांच्या सकाळच्या न्याहारीचा संबंध अंतःकरणापेक्षा खातेवहीशी अधिक असतो, आणि खातेवहीत पैसा कोणत्या नावाने व किती मुदतीने जमा होतो यावर त्या न्याहारीचे भवितव्य ठरते.

आपल्या व्यापारी पेठांना ही गोष्ट फार पूर्वी उमगली होती. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून पारशी समाजात क्षोभ उसळून दंगा झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भाकड गाई, लंगडे बैल, म्हातारे घोडे आणि ज्यांच्यावरून हे प्रकरण सुरू झाले ती कुत्री, यांना तेथे मरेपर्यंत आसरा मिळावयाचा होता. अशा संस्थेचे काम एका रकमेने भागत नाही, कारण जनावर एकदा आत आले की त्यास रोज वैरण लागते. म्हणून संस्थापकांनी मोठ्या देणग्या तर मिळविल्याच, शिवाय कापूस, साखर वगैरे मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी आपण होऊन एक लहानशी लाग बसवून घेतली. माल हलला की पांजरपोळीस पैसा मिळे. पेठेत मंदी आली तर तो थोडा कमी होई. पण पेठ चालू आहे तोवर तो थांबत नसे, आणि कोणा एका शेठजींच्या मर्जीवर किंवा प्रकृतीवर तो अवलंबून नसे.

ही रीत केवळ मुंबईची नव्हती. देशभरच्या पेठांतून अडत, हमाली, तोलाई यांच्या ओळींखाली ‘धर्मादाय’ म्हणून एक ओळ असे. ती रक्कम गिऱ्हाइकाकडून वसूल होऊन दुकानदाराच्या वहीत वेगळ्या खात्यावर पडे, आणि तिचा विनियोग गोशाळा, धर्मशाळा, पाणपोई, पाठशाळा अशा कामांकडे होई. आयकर खात्याने पुढे असा आक्षेप घेतला, की दुकानदाराच्या हातात आलेला पैसा हे दुकानदाराचेच उत्पन्न. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा आक्षेप अमान्य केला. जो पैसा मुळातच धर्मादायासाठी म्हणून घेतला व त्याच खात्यावर ठेवला, त्यावर त्या व्यापाऱ्याची मालकी कधी बसलीच नाही, तो केवळ त्याचा विश्वस्त, असा त्या निर्णयाचा आशय आहे. एका निमूट व्यापारी वहिवाटीस देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने दिलेली ही मान्यता आमच्या मते जितकी गाजावयास हवी होती तितकी गाजली नाही. कोल्हापुरातही पांजरपोळ आहे, आणि गंमत अशी, की शहरातील एका जुन्या औद्योगिक भागास आजही लोक पांजरपोळ याच नावाने ओळखतात. लेथ मशीनांच्या घरघराटात त्या नावाचा अर्थ मात्र कोणाच्या मनात येत नसेल.

मुलांच्या बाबतीत कोल्हापूरने याहून मोठा धडा घालून दिलेला आहे. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती आलेल्या शाहू छत्रपतींनी पुढील वर्षी व्यापारासाठी शाहूपुरी वसविली, आणि १९०१ पासून शिक्षणासाठी वसतिगृहांची मालिका सुरू केली. प्रथम व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, पुढे १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, आणि १९०८ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येच्या नावाने, अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. या वसतिगृहांना महाराजांनी काय दिले हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी जागा दिल्या, इमारती दिल्या आणि दरबारातून दरसालची नेमणूक बांधून दिली. शिवाय त्या त्या समाजातील पुढाऱ्यांना हाताशी धरून संस्थेचा कारभार त्यांच्याकडे सोपविला आणि त्यांनीही वर्गणी गोळा करावी अशी योजना केली. म्हणजे राहण्याचा प्रश्न जागेने सुटला, जेवणाचा प्रश्न नेमणुकीने सुटला, आणि संस्था आपली आहे ही भावना वर्गणीने टिकली. १९२२ मध्ये महाराज निवर्तले, संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले. तरी त्यांतील कित्येक वसतिगृहे आजही उभी आहेत.

ब्रिटिश सरकारचा मार्ग निराळा होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने असे ठरविले, की सरकारने सर्व शाळा आपण न काढता खासगी मंडळ्यांच्या शाळांना, तपासणी व अटी यांच्या अधीन राहून, सहायक अनुदान द्यावे. आपल्याकडील सेवाभावी संस्थांचा सरकारशी जो नातेसंबंध आजतागायत चालू आहे, त्याचे मूळ या खलित्यात आहे. त्यातील सोय उघड आहे. त्यातील धोका मात्र कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या एका गृहस्थाला सोसावा लागला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने मोडून वसतिगृहातील मुलांना जेवू घातले, घरोघर रोज मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची मुष्टिफंडाची प्रथा पाडली, आणि हळूहळू संस्थेचा विस्तार सरकारी अनुदानावर केला. १९४८ मध्ये मुंबई सरकारने ते अनुदान रोखले. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि कालांतराने ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात संस्था तगली ती लोकांच्या आधारावर. सरकारच्या एका सहीने थांबते ते अनुदान आणि हजार घरांच्या मुठींनी चालते तो फंड, यांतील अंतर भाऊरावांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात नोंदणीची व्यवस्था चांगलीच पक्की झाली. १८६० चा संस्था नोंदणी कायदा होताच. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आले, दरसाल हिशेब दाखल करण्याची सक्ती आली, विश्वस्त बदलला तर बदल अर्ज आला. पशूंसाठी १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६२ मध्ये पशुकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, आणि निवारागृहे, रुग्णवाहिका यांसाठी ते मंडळ अनुदान देऊ लागले. परदेशातून येणाऱ्या पैशावर १९७६ पासून नियंत्रण आहे; २०२० च्या दुरुस्तीने ते इतके आवळले, की असा पैसा एका संस्थेने दुसरीस देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून एकपंचमांशावर आली.

शिरोलीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा कायदा २०१३ चा. त्या साली संमत झालेल्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने, ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांचा पल्ला गाठतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी असे ठरविले. एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले आणि सीएसआर ही तीन अक्षरे सेवाभावी संस्थांच्या तोंडी बसली. कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे; तीत भूक व दारिद्र्य निवारण आहे, शिक्षण आहे, अनाथांची वसतिगृहे आहेत, आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसते, पण पर्यावरणाच्या कलमात पशुकल्याणही आहे.

आता या कायद्याची जाळी शिरोलीवर टाकून पाहावी. येथील बहुसंख्य कारखाने लहान आहेत. पुष्कळसे भागीदारीतील किंवा एकट्याच्या मालकीचे असून कंपनी कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत, आणि जे कंपन्या आहेत त्यांतील थोड्यांचाच नफा ५ कोटींची वेस ओलांडतो. ज्या बड्या वाहन कंपन्यांसाठी हे कारखाने भाग ओततात, त्यांना हा कायदा लागू असतो. परंतु कायदाच सांगतो, की कंपनीने आपल्या आसपासच्या परिसरास अग्रक्रम द्यावा, आणि त्या कंपनीचा परिसर म्हणजे तिच्या जुळणीच्या कारखान्याचा परिसर. ओतकामाची भट्टी, तिची धूळ, आणि बिहार-ओडिशाहून आलेल्या मोल्डरांची पोरेबाळे शिरोलीत, नागावात. दोन टक्क्यांची वर्दळ चाकण-पिंपरीच्या बाजूस. कोणी हेतुपुरस्सर केलेला हा अन्याय नाही. पुरवठ्याची साखळी लांबत गेली आणि दानाचा कायदा तिच्या शेवटच्या कडीपाशी उभा राहिला, एवढेच.

याहून सूक्ष्म अडचण मुदतीची आहे. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्प म्हणून जो मान्य होतो, त्याची मुदत आरंभाचे वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. शिवाय जानेवारी २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. त्या निर्बंधांमागील कारण समजण्याजोगे आहे. निधी नावाखाली पैसा पडून राहत असे आणि कामाचा पत्ता नसे. पण परिणाम असा झाला, की शाहू छत्रपतींनी वसतिगृहास जसे कायमचे उत्पन्न जोडून दिले, तसे एखाद्या आधुनिक कंपनीस करावेसे वाटले तरी ते तिच्या दोन टक्क्यांतून करता येत नाही. सहा वर्षांच्या निराधार मुलीस वसतिगृहात घेतले तर तिला बारा वर्षे सांभाळावे लागते, आणि अनुदान मात्र ती चौथीत जाईपर्यंत.

त्यातच दात्यांची एक स्वाभाविक आवड आडवी येते. दात्यास वस्तू देणे आवडते. इमारत, संगणक, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, रुग्णवाहिका यांवर नाव घालता येते, त्यांचे उद्घाटन होते, वार्षिक अहवालात छायाचित्र छापता येते. अधीक्षिकेचा पगार, स्वयंपाकीणबाईंचा भविष्यनिर्वाह निधी, जनावरांच्या दवाखान्यातील कंपाउंडरचे वेतन यांवर नाव घालता येत नाही. कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या व्यवस्थापनावर एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहून अधिक खर्चू नये असा नियम आहे. तो नियम कंपनीपुरताच असूनही तीच फूटपट्टी अनेकदा संस्थेच्या पगारपत्रकावर ठेवली जाते. मग दारात देणगीची रुग्णवाहिका उभी असते आणि डिझेलसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेने उचगावात अपंग मुलांसाठी वसतिगृह व शाळा उभारली आणि पुढे सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेसारखे उत्पादनाचे काम हाती घेतले. त्यामागे स्वावलंबनाचे तत्त्व होतेच, पण आमच्या समजुतीने, दरमहाच्या खर्चास आपल्या हक्काचा काही पैसा असावा हा व्यवहारही होता.

सरकार मात्र दरडोई दराने देते. मिशन वात्सल्य या केंद्रीय योजनेत बालगृहातील मुलामागे दरमहा ३,००० रुपये धरलेले आहेत. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत, म्हणजे एक किंवा दोन्ही पालक नसलेले मूल नातेवाइकांकडे अथवा कुटुंबात राहत असता, २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि देखरेख करणाऱ्या संस्थेस मुलामागे २५० रुपये. गोशाळेतील देशी गाईसाठी राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये दररोज ५० रुपये, म्हणजे महिन्यास १,५०० रुपये, मंजूर केले. या आकड्यांची परस्परांशी तुलना करून कोणी संतापावे असा आमचा हेतू नाही. गाईस वैरण महाग झाली आहे हेही खरेच. परंतु मंजुरी आणि रक्कम हातात पडणे यांमध्ये जे महिने जातात, तेवढा काळ किराणा दुकानदाराने उधारी दिली तरच संस्था चालते, आणि त्या दुकानदाराचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही.

या सर्व व्यवस्थेचे सामर्थ्य व वैगुण्य एकाच ठिकाणी पाहावयाचे असेल, तर हंगामात शिरोलीपासून नदीपलीकडे कसबा बावड्यास, राजाराम साखर कारखान्याच्या बाजूस जावे. दिवाळी झाली की बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या या मुलखात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेले नवराबायकोचे एक जोडपे म्हणजे एक कोयता. त्या कोयत्याबरोबर दोन-तीन मुले, क्वचित म्हातारी आई, आणि बैलगाडीची टोळी असेल तर बैलजोडी. कोपीत सारे एकत्र राहतात. बैल लंगडला तर कोयत्याची मजुरी बुडते, मजुरी बुडाली तर उचल फिटत नाही, उचल फिटली नाही तर मोठी मुलगी शाळा सोडून हाताखाली येते. हे एकच कुटुंब आहे आणि त्याचे दुःखही एकच आहे.

अनुदानाच्या दफ्तरात मात्र त्याचे तुकडे पडतात. मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, नंतर मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. वीटभट्टी व ऊसतोडणीच्या मुलांसाठी कोल्हापुरात अवनिसारखी संस्था वर्षानुवर्षे झगडत आली आहे. बैलांसाठी, २००३ पासून सांगलीस केंद्र असलेली अ‍ॅनिमल राहत ही संस्था कारखान्यांच्या आवारात विनामूल्य उपचार करते. गोशाळेतील गाईचे ५० रुपये या कष्टकरी बैलास लागू नाहीत, कारण तो गोशाळेत नाही. मुलाचा दाता बैलाकडे पाहू शकत नाही, बैलाचा दाता आईच्या रक्तक्षयाकडे पाहू शकत नाही, कारण प्रत्येकाच्या करारपत्रात लाभार्थी कोण हे आधी लिहिलेले असते. खुद्द औद्योगिक वसाहतीतही हेच दिसते. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सक्ती केली ती तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे. फौंड्रीत काम करणारे बहुतेक पुरुष, म्हणून त्यांच्या बायका दुसऱ्यांकडे धुणीभांडी करीत असताना लेकरे खोलीत कोंडून राहिली तरी त्या नियमाचा भंग होत नसे. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष न पाहता पन्नास कामगारांची अट आणली, पण पन्नासाच्या आतल्या फौंड्र्या पुन्हा बाहेरच राहिल्या.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत राज्याने अलीकडे जो उपाय योजला तो जुन्या पेठेची आठवण करून देणारा आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये द्यावेत व सरकारने तेवढीच भर घालावी असे ठरले, आणि या कामगारांच्या मुलांमुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे काढण्याची योजना आली. अंमलबजावणीत उणिवा पुष्कळ आहेत. तरी ऊस जोवर वजनकाट्यावर चढतो तोवर पैसा येत राहील, ही त्या योजनेची जमेची बाजू आहे, आणि ती तीन वर्षांच्या प्रकल्पास नाही.

फौंड्रीचा धंदाही वजनाचाच आहे. ओतीव मालाचा भाव किलोवर ठरतो, चलन किलोवर फाटते. टनामागे १० रुपये म्हणजे किलोमागे एक पैसा. महिन्यास २०० टन ओतणाऱ्या एका फौंड्रीकडून त्या हिशेबाने २,००० रुपये निघतील, ज्यांत एका मुलाचे बालसंगोपनही भागणार नाही. अशा वीस फौंड्र्या एकत्र आल्या तर ४०,००० रुपये दरमहा, आणि तेवढ्यात भाड्याच्या दोन खोल्या, दोन बालसेविका व मुलांचे दुपारचे खाणे यांची बऱ्यापैकी तजवीज होऊ शकते. यास कंपनी असण्याची अट नाही, ५ कोटींच्या नफ्याची नाही. वसाहतीत स्मॅकसारखी उद्योजकांची संघटना आहे, सार्वजनिक न्यास नोंदविण्यास धर्मादाय कार्यालय आहे. गिऱ्हाइकाच्या बिलावर वेगळी ओळ घालावयाची, की मालकांनी आपल्या नफ्यातून तेवढे काढावयाचे, हा प्रश्न उरतो. मोठ्या वाहन कंपनीचा खरेदी अधिकारी बिलावरची अनोळखी ओळ पाहून पहिला फोन हिशेबनिसास करील हे उघड असल्याने, आरंभी तरी दुसरा मार्ग सोयीचा. मात्र रक्कम निघाली की ती त्याच दिवशी वेगळ्या खात्यावर पडली पाहिजे, आणि महिनाअखेरीस पगाराच्या आधी वळती झाली पाहिजे.